नवा दात येतोय आणि हिरडीतून रक्त येतंय

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मुलगी ११ वर्षांची आहे. चार-पाच महिन्यांपासून तिच्या समोरच्या हिरड्या लाल अन् फुगल्यासारख्या दिसतात. ब्रश केला की रगत येते, म्हणून तिनं तिथं ब्रश लावणंच सोडलं. वरचा एक सुळा लई वरून, ओठाच्या खालून बाहेर येऊन राहिला. खालच्या समोरच्या दातांतला एक बाकीच्यांपेक्षा पुढं आहे अन् लांब दिसते, तिथली हिरडी खाली सरकली असं वाटते. सासूबाई म्हणतात, नवे दात येईपर्यंत हिरड्या अशाच राहतात, हात लावू नको, अंगातली गर्मी आहे. त्या स्वतः तंबाखूचं मंजन लावतात, तेच पोरीलाही लाव म्हणतात. लहान मुलगा ६ वर्षांचा आहे. त्याच्या सगळ्यात मागं हिरडीत पांढरं काही तरी दिसते अन् त्याच्यावर मांस आलं आहे. दिराची अक्कलदाढ दर दोन-तीन महिन्यांनी सुजते. तो २२ वर्षांचा आहे, सुपारी-तंबाखूचा खर्रा खातो. आता परत सुजली, तोंड नीट उघडत नाही. कापसाची वेचणी सुरू आहे, सगळ्यांना घेऊन यवतमाळला जाणं होत नाही. कोणाला आधी न्यावं अन् घरी काय करावं, हे सांगाल का?
– एक आई

उत्तर : ताई, आधी दिराला न्या. वेचणीचा एक दिवस बुडाला तरी चालेल, पण त्याचं थांबवू नका. मुलीचं आणि मुलाचं बरंचसं काम तुम्हाला घरीच करता येईल, ते कसं हे पुढे सविस्तर लिहिते.

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते, आणि तोवर खालच्या जबड्यात पुष्कळांना तिच्यापुरती जागा उरलेली नसते. दाढ अर्धी बाहेर येते आणि अर्धी हिरडीच्या झापेखाली अडकते. त्या झापेखाली अन्न जातं, जंतू वाढतात, ब्रश तिथं पोचत नाही. झाप सुजली की वरची दाढ नेमकी तिच्यावरच आपटते आणि सूज आणखी वाढते. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी चार दिवसांत उतार पडतो, पण झाप तिथंच, खालची फट तिथंच, म्हणून दोन-तीन महिन्यांनी परत तेच. दंतवैद्य झापेखालची जागा औषधी पाण्याच्या पिचकारीनं धुतात, एक्स-रे काढतात आणि दाढ सरळ वर येण्यासारखी आहे की आडवी रुतली आहे ते पाहतात. सरळ असेल तर कधी कधी वरची झाप तेवढी काढून भागतं. आडवी असेल तर दाढच काढावी लागते. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यानं ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरावी, पाणी त्या बाजूला घोळवावं. हिरडीवर लवंगतेल, तंबाखू, रॉकेल किंवा गोळी कुटून ठेवू नये. त्यानं हिरडी भाजते आणि दुखण्यात भर पडते.

ताप आला, गालाखाली किंवा गळ्याला सूज उतरली, घोट गिळताना त्रास व्हायला लागला, बोलताना आवाज बदलला किंवा श्वास जड झाला, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या. जबड्यामागचा जंतुसंसर्ग गळ्यात उतरला तर तो जिवावर बेततो.

त्याच्याबाबतीत आणखी एका गोष्टीची मला काळजी वाटते. तोंड उघडत नाही, याला खर्रा खाणाऱ्या माणसात दोन कारणं असू शकतात. दाढ सुजल्यामुळं तोंड बंद होतं ते एक-दोन दिवसांत, दुखत दुखत. सुपारीमुळं होतं ते महिनोन्‌महिने हळूहळू, दुखल्याशिवाय. आतून गाल कडक होतात, पांढुरके पडतात, तिखट भाजी खाल्ली की तोंडात आग होते. दिराला सूज नसलेल्या दिवसांबद्दल विचारा. त्याची स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जात होती का? ठेचा पहिल्यासारखा खाता येतो का? यातलं उत्तर ‘नाही’ असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायला लावा, आणि खर्रा त्याच दिवशी बंद करायला लावा. ही गालाची कडक होण्याची सुरुवात कर्करोगाच्या वाटेवरची आहे. गडी बावीस वर्षांचा आहे, अजून वेळ हातात आहे.

आता लेकीचं.

दात येताना हिरड्या थोड्या लाल होतात, सुजतात, हे सासूबाईंचं म्हणणं खरं आहे. मात्र त्यावरून त्यांनी जो सल्ला काढला, हात लावू नको, तो उलटा आहे. ह्याच काळात त्या जागेला सगळ्यात जास्त हात लावावा लागतो. का, ते समजण्यासाठी आधी तुम्ही स्वतःची हिरडी एकदा पाहा. सकाळी दारात उजेडाला आरसा घेऊन उभ्या राहा आणि खालचा ओठ दोन बोटांनी खाली ओढा. दातांना लागून हिरडीची एक बारीक कड दिसेल. ती दाताला टेकलेली असते, पण चिकटलेली नसते. तिच्या आणि दाताच्या मध्ये एक ते तीन मिलिमीटर खोल बारीक फट असते. ह्या कडेच्या खाली फिकट गुलाबी, घट्ट हिरडीचा पट्टा असतो, काहींच्या हिरडीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगेही दिसतात. हा पट्टा खालच्या हाडाला आणि दाताच्या मुळाला पक्का धरलेला असतो, ओठ हलवला तरी हलत नाही. त्याच्याही खाली गडद लाल, चकचकीत, पातळ त्वचा सुरू होते, तिच्यातल्या शिरा दिसतात आणि ओठ हलवला की ती हलते. गुलाबी कुठं संपतं आणि लाल कुठं सुरू होतं ती रेघ नीट पाहून ठेवा, लेकीचं तोंड पाहताना तिचा उपयोग होईल.

चावताना लागणारा मार, ब्रशचं घासणं, ओठाची ओढ हे सगळं तो घट्ट गुलाबी पट्टा सोसतो. प्रत्येक दातापुढं तो सारख्या रुंदीचा नसतो. वरच्या समोरच्या दातांवर चांगला चार मिलिमीटरच्या आसपास असतो, खालच्या सुळ्यामागच्या लहान दाढांपाशी जेमतेम दोन. म्हणून एकाच तोंडात, एकाच ब्रशनं, एका दाताची हिरडी ठणठणीत राहते आणि दुसऱ्याची खचते.

आणि दोन दातांच्या मधला हिरडीचा त्रिकोण. समोरच्या दातांमध्ये त्याला एकच टोक असतं. दाढांमध्ये मात्र बाहेरच्या बाजूला एक आणि जिभेच्या बाजूला एक अशी दोन टोकं असतात, आणि त्यांच्या मध्ये, दात एकमेकांना टेकतात त्याच्या बरोबर खाली, एक लहानसा खोलगट भाग असतो. तिथल्या हिरडीवर बाकीसारखं कडक आवरण नसतं. ब्रशचे केस तिथं पोचत नाहीत, वर दात असल्यामुळं दिसतही नाही. हिरडीचं दुखणं बहुतेकदा ह्या मधल्या जागेतून सुरू होतं आणि मग कडेवर पसरतं. रक्तही आधी त्या त्रिकोणाच्या टोकातूनच येतं.

आता ह्यात नवा दात घुसतो तेव्हा काय होतं ते पाहा. काळ्या रानात कपाशीचा कोंब वर येताना मातीला भेग पडते आणि रोप उभं राहीपर्यंत ती भेग उघडीच असते, तसा तो काळ आहे. दात हिरडीतून डोकावला की त्याच्याभोवती हिरडीची कड जाड, गोल वळलेली असते, फट नेहमीपेक्षा खोल असते. पुरता आलेल्या दाताचा हिरडीजवळचा भाग थोडा फुगीर असतो, त्या फुगवट्यावरून घास घसरून हिरडीच्या पुढं जातो. अर्ध्या आलेल्या दाताचा तो फुगवटा अजून हिरडीतच असतो. मग भाकरीचा कण, बिस्किटाचा लगदा सरळ कडेवर पडतो आणि फटीत बसतो. शेजारचे दात वर, हा खाली, म्हणून ब्रश त्याच्यावरून नुसता पुढं जातो. दात चावण्याच्या कामाला लागलेला नसतो, म्हणजे चावताना होणारी घासणीही नाही. मुलांची हिरडी आधीच मोठ्यांपेक्षा नाजूक आणि लालसर असते. इतकं सगळं एका जागी जमल्यावर तिथं थर साचला नाही तरच नवल.

तो थर म्हणजे जंतूंचा. लेकीच्या सुजलेल्या हिरडीजवळ दातावरून नख हळूच फिरवा, नखाला पांढुरकी, पिठूळ चिकटण लागेल. हिरडी लाल होते, सुजते आणि रक्त गळतं ते ह्या चिकटणीमुळं. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथं हे सरळ करून पाहिलं गेलं. बारा निरोगी माणसांनी दात घासणं पूर्ण बंद केलं. दहा ते एकवीस दिवसांत एकूणएक जणाच्या हिरड्या सुजल्या. घासायला परत सुरुवात केली आणि साधारण आठवड्यात सगळ्यांच्या पूर्ववत झाल्या. तुमच्या मुलीच्या हिरड्या चार-पाच महिन्यांपासून लाल आहेत, आणि तिनं तिथला ब्रशच सोडला आहे.

तिच्या वयाचाही ह्यात वाटा आहे. ११ ते १३ या वर्षांत मुलामुलींच्या अंगात जे बदल सुरू होतात, त्यातल्या संप्रेरकांमुळं हिरडीला रक्तपुरवठा वाढतो आणि जरासा थरही तिला सहन होत नाही. पाळी सुरू व्हायच्या सुमारास हे जास्त दिसतं. बाळंतपणाच्या आधी बायकांच्या हिरड्यांतून रक्त येतं ते ह्याच कारणानं. सासूबाई ज्याला गर्मी म्हणतात तिचं मूळ बहुधा हेच निरीक्षण असावं. सब्जाचं पाणी, कोकम, आवळा खुशाल द्या, अंगाला चांगलंच आहे. पण दातावरची चिकटण ती पिऊन निघत नाही, ती घासूनच काढावी लागते.

तर आज रात्रीपासून असं करा. मऊ केसांचा, लहान डोक्याचा नवा ब्रश आणा. लेक ११ वर्षांची असली तरी पहिले पंधरा दिवस रात्रीचा ब्रश तुम्ही तिला करून द्या. ती खाली बसेल, तुम्ही मागं बसा, तिचं डोकं तुमच्या छातीशी टेकवा, म्हणजे मान हलत नाही. एका हाताच्या बोटानं ओठ वर उचला. ब्रश अर्धा हिरडीवर आणि अर्धा दातावर तिरपा टेकवा, इतका हलका की केस वाकायला नकोत. तिथंच जागच्या जागी बारीक हलवा आणि मग दाताकडे झटका. प्रत्येक दोन दातांसाठी सावकाश दहापर्यंत मोजा. पहिले चार-पाच दिवस रक्त येईल. येऊ द्या, थांबू नका, चूळ भरून पुढं चालू ठेवा. रोज थोडं कमी होत जाईल, आणि दुसऱ्या आठवड्यात जे टोक लाल आणि गोल होतं ते फिकट आणि निमुळतं दिसायला लागेल. रात्रीचा ब्रश सर्वांत महत्त्वाचा, कारण झोपेत लाळ कमी होते. वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तुमच्या गावाच्या बोअरचा तसा अहवाल असेल, तरीही पेस्ट बंद करू नका. पेस्ट गिळली जाणार नाही, थुंकली जाईल एवढं मात्र पाहा, आणि पिण्याच्या पाण्याचं ग्रामपंचायतीकडे लावून धरा.

पंधरा दिवस नेमानं करूनही लाली उतरली नाही, तर दोन गोष्टी असू शकतात. एक, थर घट्ट होऊन किटण बनलंय, ते ब्रशनं निघत नाही, दवाखान्यात काढावं लागतं. दात साफ करून घेतले की हलायला लागतात, हा चुकीचा समज गावोगाव आहे आणि त्यापायी लोक वर्षानुवर्षं किटण घेऊन बसतात. किटण निघालं आणि सूज उतरली की दातांमधली फट उघडी पडते, ती आधीपासूनच होती, किटणानं बुजलेली होती. दुसरी गोष्ट, लेक तोंड उघडं ठेवून झोपते का ते रात्री उठून पाहा. नाक चोंदलेलं असलं, घोरत असली, तर वरच्या समोरच्या हिरड्या वाऱ्यानं सुकतात आणि कितीही घासलं तरी लालच राहतात. मग नाकाचं आधी दाखवावं लागेल.

खालच्या लांब दिसणाऱ्या दाताबद्दल. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. ह्या वयात त्यात अर्धा भाग नजरेचा फसवा असतो. दात पूर्ण आला तरी हिरडीची कड लगेच त्याच्या मानेपाशी जात नाही, ती कित्येक वर्षं सावकाश मागं सरकत राहते. शेजारच्या दातांवर हिरडी अजून चढलेली आहे म्हणून ते आखूड दिसतात, आणि पुढच्या दातावर ती आधीच उतरली म्हणून तो लांब. शेजारचे मागाहून त्याला गाठतात. ह्याच कारणानं, शाळकरी वयात दात आखूड दिसतात म्हणून हिरडी कापून घ्यायला कोणी सांगितलं तर तयार होऊ नका. वाढ पुरी होऊ द्यावी.

उरलेला अर्धा भाग खरा असतो. दात ओळीच्या बाहेर पुढं आला की त्याच्यापुढचं हाड अगदी पातळ होतं, कधी कधी नसतंच, आणि तो घट्ट गुलाबी पट्टा अरुंद होतो. आता मघाची रेघ आठवा. लेकीचा खालचा ओठ हळूच ओढा आणि डावी-उजवीकडे हलवा. त्या दातापुढं थोडा का होईना गुलाबी पट्टा जागेवर स्थिर राहत असेल, तर नीट घासून वाट पाहता येते. मूल वाढतं तसा हा पट्टाही पुष्कळदा रुंदावतो आणि उतरलेली हिरडी थोडी सावरते. पट्टा दिसतच नसेल, ओठासोबत हिरडीची कडच हलत असेल, पांढरी पडत असेल, किंवा ओठाला हिरडीशी जोडणारी आतली शीर त्या दातापाशी येऊन हिरडीला ओढत असेल, तर हिरडीच्या किंवा दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. त्या दाताचा जवळून, उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि तीन-तीन महिन्यांनी त्याच कोनातून परत काढा. हिरडी सरकतेय की तशीच आहे हे फोटो शेजारी ठेवले की कळतं, आणि डॉक्टरांनाही त्याचा फार उपयोग होतो. ह्या दातावर ब्रश आडवा रगडू नका, तिथं सोसणारा पट्टाच कमी आहे.

वरचा सुळा साधारण ११-१२ व्या वर्षी येतो, समोरचे दात आणि लहान दाढा बहुतेक आल्यानंतर, म्हणून जागा कमी पडली की तो वर चढतो. त्याच्या जागेवर दुधाचा सुळा अजून आहे का ते आधी पाहा. असेल तर महिनाभरात दंतवैद्याला दाखवा, कारण तो वेळीच काढल्यानं काही वेळा कायमचा सुळा आपली वाट धरतो. खूप वरून येणारा सुळा गुलाबी पट्ट्याऐवजी वरच्या हलत्या लाल त्वचेतून बाहेर पडतो. मग त्याच्याभोवती घट्ट हिरडी कमी राहते आणि पुढं ती खचायची भीती असते. असा सुळा ‘वाकडा दिसतो’ म्हणून काढून टाकायला लोक फार लवकर तयार होतात, लग्नाच्या वयात तर हमखास. माझी विनंती आहे, काढू नका. तोंडातला सगळ्यात लांब मुळाचा दात तो, ओठाच्या कोपऱ्याला आधार त्याचाच. आता ११ व्या वर्षी जागा करून तो खाली आणणं १८ व्या वर्षापेक्षा खूप सोपं जातं. दात सरळ करण्याचा खर्च मोठा वाटत असेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय इथं आधी चौकशी करा.

तंबाखूचं मंजन मात्र पोरीच्या तोंडाला लावू देऊ नका, एकदाही नाही. मंजन-पेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, तरी घरी भाजून, कुटून ते चालतंच. त्यानं ठणका कमी वाटतो, कारण हिरडी बधिर होते. रक्त थांबल्यासारखं वाटतं, आतला रोग मात्र वाढत राहतो. जिथं ते रोज चोळलं जातं तिथली हिरडी मुळापर्यंत उतरते, आणि मुलीला तलफ लागते ती वेगळीच. सासूबाईंना हे तोडून बोलू नका. त्यांनी नातीच्या काळजीपोटीच सांगितलं आहे, आणि त्यांच्याही हिरड्या दुखत असणार म्हणूनच त्या मंजन धरून असतील. दिराला नेता तेव्हा त्यांनाही सोबत न्या, गालाच्या आत पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का ते दाखवून घ्या.

मुलाच्या तोंडात मागं जे पांढरं दिसतं ती त्याची पहिली कायमची दाढ आहे. दुधाचे वीस दात असतात, त्यांच्याही मागं, कुठलाच दात न पडता, ६ व्या वर्षाच्या सुमारास ही येते. दात पडला नाही म्हणून आई-वडिलांना ती दुधाचीच वाटते, ‘पडेल, दुसरी येईल’ म्हणून सोडून देतात. दुसरी येत नाही. तिच्यावरचं मांस म्हणजे अजून न सरलेली हिरडी, ती आपोआप मागं जाते, नखानं काढू नका, कोणाला कापू देऊ नका. दाढ येण्याआधी तिथं निळसर फुगा दिसला तरी तो बहुधा दाताच्या वाटेवर साचलेलं पाणी किंवा रक्त असतं, दात आला की फुटतो. बाजारात ‘दातातली कीड काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून मुलाला दूर ठेवा, दातात किडे नसतात.

ही दाढ हिरडीतून डोकावल्यापासून पूर्ण उंचीला यायला वर्षभर किंवा त्याहून थोडा जास्त वेळ घेते. तेवढा काळ ती शेजारच्या दाढेच्या पायरीखाली असते, आणि नेहमीसारखा पुढं-मागं फिरवलेला ब्रश तिच्यावरून हवेतच जातो. म्हणून मुलाला तोंड अर्धंच उघडायला सांगा, म्हणजे गाल सैल राहतो. ब्रश गालाच्या बाजूनं आडवा आत घाला आणि एकट्या त्या दाढेवर, गालाकडून जिभेकडे, दहा-पंधरा वेळा घासा. चारही कोपरे. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यात दातही पाहतात. मुख्याध्यापकांना पथकाची तारीख विचारून ठेवा आणि त्या दिवशी दोन्ही लेकरं शाळेत असतील असं पाहा. दाढेच्या खाचा बुजवणारा लेप देता येईल का, हेही तिथं विचारा.

लेकीच्या बाबतीत ही लक्षणं दिसली तर मात्र पंधरा दिवस थांबू नका. हात न लावता, झोपेत उशीवर रक्त दिसणं. अंगावर निळे डाग, वरचेवर ताप, चेहरा पांढराफटक. पुढचा किंवा ६ व्या वर्षी आलेल्या दाढेपैकी कुठला कायमचा दात हलणं. हिरडी वाढत वाढत दात झाकू लागणं, विशेषतः तिला फिटच्या गोळ्या सुरू असतील तर. पहिल्या दोन्हींसाठी रक्त तपासावं लागतं, ग्रामीण रुग्णालयात तेवढी सोय असते. फिटच्या गोळ्या मनानं बंद करू नका, डॉक्टर त्या बदलून देऊ शकतात.

जायचं ठरेल तेव्हा आधी दारव्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दंतवैद्य कोणत्या दिवशी असतात ते आशाताईंकडून विचारून घ्या. दिराला उद्याच पाठवा. लेकीचं पंधरा दिवस घासून झाल्यावर तिच्या हिरड्यांचे पहिल्या दिवशीचे आणि पंधराव्या दिवशीचे फोटो सोबत ठेवा, आणि मला परत लिहा.